डाव्या बाजूचा आरसा

पगार होतो दहाला.
तू जन्मलास नऊला.
तुझ्या आईनं एक दिवस दम धरला असता
तर निदान बरं पाकीट तरी घेतलं असतं.

पर्समध्ये एकशे ऐंशी.
त्यातले वीस देवपूरला परत जायच्या रिक्षाचे.
लॅबमधून सुटून थेट पाच कंदीलला आले,
हातांना अजून स्पिरिटचा वास.
दिवसभरात बेचाळीस जणांच्या शिरा सापडल्या
आणि तुझ्यासाठी एक वस्तू सापडत नाही.

अक्षर कोरलेलं किचेन चाळीसला.
फोटो छापलेला कप दीडशेला, पण फोटो कुठला?
आपला दोघांचा एकच आहे,
त्यात मी स्कार्फ बांधलेली, तू डोळे मिटलेला.
सेंट घ्यावं, तर तुझ्या अंगाला कायम मिरची,
दोंडाईच्याहून व्यापाऱ्यांचे नमुने आणतोस पिशव्यांतून.
मागे बसले की मी नकाण्यापर्यंत शिंकत राहते
आणि तू म्हणतोस, बघ,
मी बोलत होतो ते खरंच होतं.

शर्ट दिला तर तुझी बहीण विचारेल, कुणी घेतला.
घड्याळ दिलं तर वडील.
तुमच्या घरात प्रत्येक नव्या वस्तूला
जबानी द्यावी लागते.

मग चपलांच्या दुकानाबाहेर उभी राहिले
आणि डोळे मिटून तुझ्या गाडीवर बसले.
उजवीकडे आरसा, त्यात पळता रस्ता.
डावीकडे नुसता दांडा,
स्टँडवर एसटी घासून गेली तेव्हापासूनचा,
दिवाळीच्याही आधीपासूनचा.
साठ किलोमीटर जाताना, साठ येताना
तू मान वळवून मागचं बघतोस,
आणि रात्री फोनवर सांगतोस,
मान धरलीय, उशी बदलायला हवी.
उशी कशाला बदलतोस रे.

ऑटो पार्टचं दुकान.
गल्ल्यावरचे बाबा चष्म्यावरून बघतात.
"काय जोयजे वं ताई?"
आरसा. एक. डावा.
"एकला आरसा कोन लेस? जोडीनी जोडी शे. दोनशे चाळीस."
एकच पाहिजे.
"एकला मियत नही."
मी हलत नाही.
शीर लागत नाही म्हणून
सुई खाली ठेवायची नसते, एवढं शिकलेय मी.

बाबा स्टुलावर चढतात, पुटपुटत.
वरच्या फळीवरून धुळीसकट एक खोकं उतरतं.
"मांगला साले एक जन फक्त उजवा लई गया,
हाऊ तवयपासून पडेल शे. नव्वद दे."
कोण असेल तो, उजवा घेऊन गेलेला?
त्याचं डावीकडचं सगळं शाबूत असेल.

फडक्यानं पुसला.
आधी त्यात पंखा आला, मग ट्यूबलाइट,
मग मी, कपाळावर टोपीचा वळ,
भुवईच्या वर थोडी दमलेली.
पेपरमध्ये गुंडाळून घेतला.
सत्तर उरले, त्याची जिलबी.

नऊ तारीख. तलावाच्या बांधावर
तू कागद सोडलास आणि काहीच बोलला नाहीस.
मला वाटलं, आवडला नाही.
मग मासे धरणाऱ्या कुणाकडून तरी पाना मागून आणलास.
चिकट बोटांनी आरसा बसवलास.
घरी कुणी काही विचारणार नाही,
फुटला होता, बसवला, संपलं,
असं मी म्हणत होते तोवर
तू तो फिरवत होतास.
आधी आभाळ. मग बाभूळ.
मग स्कार्फमधले माझे दोन डोळे.
तिथं थांबलास आणि नट आवळलास.

लोकेश, इथं नको.
थोडा बाहेर वळव.
मागून ट्रक आला तर दिसायला हवा.

पाना पुसत तू म्हणालास,
ट्रक उजव्यात बघतो.